रेडिओ लॅपटॉपला जोडायचाय? एका वेळी एकच वायर

हॅम रेडिओचं लायसन्स आलं, कॉलसाइन (हवेतलं आपलं नाव) मिळाला, गच्चीवर डायपोल अँटेना ताणून झाला, आणि आता कोणीतरी कानात सांगितलंय की एफटी८ कर (कॉम्प्युटरने सुरांतून छोटे संदेश पाठवायची पद्धत), टॉवर नको की मोठा अँप्लिफायर नको, पुण्यातून बसल्या जागी जपान लागतं. खरं आहे ते. पण त्यासाठी रेडिओ कॉम्प्युटरला जोडावा लागतो आणि तिथेच नव्या लोकांची गाडी अडते. मला अधूनमधून फोन येतात, "दादा, सगळं जोडलंय पण काहीच होत नाहीये." मी विचारतो काय काय जोडलंस, तर उत्तर ठरलेलं, "सगळं."

ते "सगळं"च नडतं. बाहेरून केबल एक दिसते, पण तिच्यातून कामं चार चालतात. रेडिओ जे ऐकतो ते कॉम्प्युटरला द्यायचं. कॉम्प्युटर जे सूर काढतो ते रेडिओला द्यायचे. "आता बोल" म्हणून रेडिओचं बटण दाबायचं, म्हणजे पीटीटी. आणि फ्रिक्वेन्सी, मोड वगैरे कॉम्प्युटरवरून बदलायचं, त्याला कॅट म्हणतात (कुठल्या कंपनीत सीआय-व्ही म्हणतात, काम तेच). ही चारही कामं एकमेकांवर फारशी अवलंबून नाहीत. ऐकायला कॅट लागत नाही. कॅट चाललं म्हणजे आवाज पोचतोय असंही नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट लावायची, ती चालली की पुढची. चारही एकदम लावून मग कुठे बिघडलंय ते शोधत बसलात तर रविवार गेलाच समजा.

तुमच्याकडे कुठला रेडिओ आहे

आयकॉमचा आयसी-७३०० किंवा येसूचा एफटी-९९१ए असेल तर तुम्ही नशीबवान, कारण साउंड कार्ड रेडिओच्या पोटातच असतं, प्रिंटरला लागते तसली एक यूएसबी केबल लावली की चारही कामं त्यातूनच.

येसूच्या एफटी-८९१ ला मागे यूएसबी आहे खरी, पण ती फक्त कॅटसाठी, आवाज तिच्यातून येत नाही. हे लोकांना दुकानात कोणी सांगत नाही आणि मग घरी आल्यावर "साउंड डिव्हाइस दिसतच नाही" म्हणून डोकं धरून बसतात. आवाजासाठी मागचं सहा पिनांचं गोल डेटा सॉकेट वापरायचं. एफटी-८१७, ८१८ लाही तेच सॉकेट आहे. पिना लक्षात ठेवा: १ नंबर म्हणजे रेडिओत जाणारा आवाज, २ ग्राउंड, ३ पीटीटी, ५ म्हणजे रेडिओतून बाहेर येणारा आवाज. ८१७, ८१८ मध्ये ४ नंबरवरही आवाज येतो पण तो ९६०० बॉडवाल्या (बॉड म्हणजे डेटाचा वेग) पॅकेटसाठी, आपल्या कामाचा नाही. हे सॉकेट आणि लॅपटॉप यांच्यात मध्ये एक इंटरफेस लागतो, डिजिरिग, सिग्नलिंक असले तयार मिळतात, किंवा घरी बनवता येतो.

आणि हैदराबादच्या अश्हर फरहान यांच्या डिझाइनचा मायक्रोबिटएक्स असेल तर त्यातला आर्डुइनो नॅनो यूएसबीवरून कॅटचं काम करतो, कॉम्प्युटरला तो एफटी-८१७ असल्यासारखा दिसतो, ३८४०० बॉडवर. आवाज मात्र माइक आणि स्पीकरच्या जॅकमधूनच न्यायचा.

घरी बनवायचं तर सर्किट अगदीच साधं आहे. दोन्ही बाजूच्या आवाजाच्या वायरीत एकेक ६०० ओहमचा एकास-एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाकायचा, म्हणजे लॅपटॉपचं ग्राउंड आणि रेडिओचं ग्राउंड तांब्याने जोडलं जात नाही आणि चार्जरची ५० हर्ट्झची घरघर आवाजात शिरत नाही. मी माझे ट्रान्सफॉर्मर जुन्या बाजारात मिळालेल्या दोन मेलेल्या डायलअप मोडेममधून काढले, फोन लाइनसाठी त्यात नेमका हाच माल असायचा. नाहीतर पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा. कॉम्प्युटर आवाज देतो व्होल्टात आणि रेडिओच्या डेटा पिनेला हवा असतो काही दहा मिलिव्होल्ट, म्हणून रेडिओकडे जाणाऱ्या वायरीत १० के आणि १ के रेझिस्टरचा डिव्हायडर टाका, तरी जास्त वाटलं तर १ के च्या जागी १०० ओहम. पीटीटीसाठी पीसी८१७ सारखा एक ऑप्टोकपलर, त्याच्या एलईडीला सीरियल पोर्टच्या आरटीएस लाइनवरून १ के मधून करंट, दुसऱ्या बाजूने पीटीटीची पिन ग्राउंडला. एलईडीला उलटा एक १एन४१४८ डायोड लावायला विसरू नका, खरा सीरियल पोर्ट उलटे व्होल्ट पण देतो. बस, एवढंच.

लॅपटॉपला हल्ली हेडफोन आणि माइकचा मिळून एकच जॅक असतो, त्याच्या नादी लागू नका. दोनशे-तीनशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड घ्या, त्याला गुलाबी-हिरवे दोन वेगळे जॅक असतात आणि ते कायमचं रेडिओचंच राहील. लॅपटॉप भारी लागत नाही, चार जीबी रॅमवाला जुना आय-थ्री सुद्धा हे काम आरामात करतो.

ड्रायव्हर

विंडोजवर आधी ड्रायव्हर टाका, मग केबल लावा. उलटं केलं तर विंडोज आपल्या मनाने काहीतरी चिकटवून ठेवतं. येसू-आयकॉमवाल्यांना बहुतेक सिलिकॉन लॅब्सचा सीपी२१०एक्स ड्रायव्हर लागतो. मग डिव्हाइस मॅनेजर उघडून पोर्ट्सच्या खाली बघायचं कॉम किती नंबरचा आलाय. कळत नसेल तर केबल काढा, जो गायब होतो तो तुमचा. ८९१ आणि ९९१ए ला दोन पोर्ट दिसतील, एन्हान्स्ड आणि स्टँडर्ड. कॅट एन्हान्स्डवर चालतं, हे लिहूनच ठेवा, कारण स्टँडर्ड निवडून रात्रभर बॉड रेट बदलत बसलेली माणसं मी पाहिली आहेत (एक मी स्वतः).

स्वस्तातल्या केबलींबद्दल एक. मी ऑनलाइन घेतलेल्या पहिल्या केबलमध्ये नकली चिप निघाली, ड्रायव्हर टाकला तरी डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण हलेना. शंभर रुपये वाचवायला गेलो आणि दोन संध्याकाळी गेल्या. लिनक्स वापरत असाल तर ड्रायव्हरची भानगड बहुतेक नसतेच, फक्त आपल्या युजरला डायलआउट ग्रुपमध्ये टाका आणि लॉगआउट होऊन परत या, नाहीतर पोर्ट दिसेल पण उघडणार नाही.

आधी फक्त ऐकायचं

डब्ल्यूएसजेटी-एक्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. जो टेलर यांनी ते सुरू केलं, तेच ज्यांना १९९३ मध्ये नव्या प्रकारच्या, जोडीने फिरणाऱ्या पल्सर ताऱ्याच्या शोधासाठी फिजिक्सचं नोबेल मिळालं. एफटी८ हा मोड त्यांनी आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये आणला, एफ आणि टी ही त्यांचीच आडनावं आणि ८ म्हणजे आठ सूर. आवाज गोंगाटाच्या २० डेसिबल खाली बुडालेला असला तरी हे सॉफ्टवेअर तो उकलतं, कानाला तिथे नुसती खरखर ऐकू येते.

सेटिंगमध्ये कॉलसाइन आणि ग्रिड (नकाशावरच्या आपल्या चौकोनाचा कोड) टाका. पुणे एमके६८, सांगली-कोल्हापूर एमके७६, नागपूर एमएल९१, पणजी एमके६५. रेडिओच्या टॅबमध्ये रिग "नन" राहू द्या, सध्या कॅट नकोय. ऑडिओच्या टॅबमध्ये इनपुटला "यूएसबी ऑडिओ कोडेक" किंवा तुमच्या साउंड कार्डचं जे नाव असेल ते. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन त्या डिव्हाइसचं नाव बदलून सरळ "रेडिओ" असं ठेवा, पुढे फार सोपं जातं. तिथेच ४८००० हर्ट्झ करा आणि एन्हान्समेंट वगैरे जे काय असेल ते सगळं बंद.

आता रेडिओ हाताने ७.०७४ मेगाहर्ट्झवर न्या, संध्याकाळी हा ४० मीटरचा बँड जिवंत असतो, दुपारी २१.०७४ बघा. मोड डेटा, आणि साइडबँड यूएसबी. इथे नवा माणूस हमखास गोंधळतो, कारण ही यूएसबी म्हणजे अप्पर साइडबँड, केबलवाली यूएसबी वेगळी. आणि ४० मीटरवर बोलताना आपण लोअर वापरतो म्हणून इथेही लोअर ठेवतात आणि मग धबधबा (वॉटरफॉल, म्हणजे आवाज रेघांनी दाखवणारा स्क्रीनवरचा पट्टा) भरून दिसतो पण एक ओळ उकलत नाही. एफटी८ ला सगळ्या बँडवर अप्परच. फिल्टर ३ किलोहर्ट्झ पर्यंत उघडा, नॉइज ब्लँकर, नॉइज रिडक्शन बंद, ते आपल्या कानांसाठी असतं.

डाव्या कोपऱ्यात खाली एक थर्मामीटरसारखी पट्टी आहे, बँडवर नुसता गोंगाट असताना ती ३० डीबीच्या आसपास हिरवी हवी. लाल झाली तर विंडोजचा रेकॉर्डिंग लेव्हल खाली आणा. आणि एक गंमत सांगतो, लॅपटॉपसमोर टाळी वाजवा. धबधब्यावर टाळीची आडवी रेघ उमटली तर तुम्ही रेडिओ ऐकत नाही आहात, लॅपटॉपचा स्वतःचा माइक ऐकताय. ही एक टाळी निम्मे फोन वाचवते.

सगळं बरोबर असून काही उकलत नसेल तर घड्याळ. एफटी८ मध्ये प्रत्येकजण मिनिटाच्या ०, १५, ३० किंवा ४५ व्या सेकंदाला सुरू करतो आणि साडेबारा सेकंदांच्या जरा वर पाठवतो, त्यामुळे तुमचं घड्याळ दोन-अडीच सेकंद जरी चुकलं तरी कारभार आटोपला. विंडोज स्वतःहून वेळ जुळवतं पण त्याच्या सवडीने. मेइनबर्गचं एनटीपी किंवा नेटटाइम टाकून ठेवा. तपासायला डीटी नावाचा कॉलम बघा: एखाद्याच स्टेशनसमोर १.२ असेल तर घड्याळ त्याचं चुकलंय, सगळ्यांसमोर १.२ असेल तर तुमचं.

लायसन्स अजून यायचंय त्यांनी इथपर्यंत नक्की येऊन थांबा. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (इंटरनेटवरून ऐकता येणारा रेडिओ) ब्राउझरमध्ये उघडा, व्हर्च्युअल केबल टाकून त्याचा आवाज या सॉफ्टवेअरला द्या आणि सराव करा, रेडिओ सुद्धा लागत नाही. पाठवायचं मात्र कॉलसाइन हातात आल्यावरच.

मग कॅट

दोन दिवस नुसतं ऐकून झालं की रेडिओच्या टॅबमध्ये रिगचं मॉडेल निवडा, कॉम नंबर टाका, बॉड रेट रेडिओच्या मेनूत जो आहे तोच इथे. येसूमध्ये बऱ्याचदा ४८०० वर असतो, मी ३८४०० करून टाकतो. "टेस्ट कॅट" दाबा. बटण हिरवं झालं की झालं. लाल झालं तर बॉड रेट, पोर्ट आणि दुसरं कुठलं सॉफ्टवेअर तोच पोर्ट धरून बसलंय का, या तिघांपैकीच काहीतरी. एक पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम वापरू शकतो. लॉगिंगचं सॉफ्टवेअर पण लावायचं असेल तर मध्ये एफएलरिग किंवा ऑम्निरिग टाकायचं असतं, पण ते पुढच्या महिन्यात.

७३०० वाल्यांनी मेनूत कनेक्टर्समध्ये जाऊन डेटा मॉड इनपुट "यूएसबी" करायचंय, ते नाही केलं तर रेडिओ ट्रान्समिटला जातो पण पॉवर शून्य. आणि यूएसबी सेंड, यूएसबी कीइंग हे पर्याय "ऑफ"वरच राहू देत.

पाठवण्याआधी डमी लोड

अँटेना काढा. त्या जागी डमी लोड लावा, म्हणजे पॉवर हवेत न सोडता गिळणारा रेझिस्टर; तो नसेल तर १ किलोओहम, २ वॅटचे २० रेझिस्टर पॅरललमध्ये जोडा, झाले ५० ओहम, ४० वॅटचे. फक्त वायरवाउंड नकोत, कार्बन किंवा मेटल फिल्म घ्या, वायर गुंडाळलेला रेझिस्टर म्हणजे कॉइलच होतो.

पीटीटी कॅटवरूनच जमत असेल तर तेच निवडा, इंटरफेस घरचा असेल तर आरटीएस. "टेस्ट पीटीटी" दाबलं की रेडिओ ट्रान्समिटला जायला हवा, परत दाबलं की सुटायला हवा. आरटीएसवाल्यांनी लक्षात ठेवा की विंडोज सुरू होताना ही लाइन आपोआप वरखाली करतं आणि रेडिओ उगाच ट्रान्समिटला जातो. लॅपटॉप आधी, रेडिओ नंतर. बंद करताना उलटं. रेडिओच्या मेनूत टाइमआउट टायमर असेल तर एक मिनिटावर ठेवा, पीटीटी अडकला तर तोच वाचवतो.

व्हॉक्स (आवाज आला की रेडिओ आपोआप ट्रान्समिटला जाणं) वापरू नका. मी सुरुवातीला पीटीटीचा कंटाळा करून व्हॉक्सवर काम चालवलं, एफटी८ झालं, मग गप्पा ऐकायला फ्रिक्वेन्सी वर नेली आणि व्हॉक्स तसाच राहिला. केबल लावल्यावर विंडोजने रेडिओलाच मुख्य स्पीकर करून टाकलं होतं, मला पत्ताच नाही. तिकडे व्हॉट्सॲप वेब उघडं. चांगले पाच-सहा वेळा टुंग-टुंग गेलं बँडवर आणि मग एक ज्येष्ठ काका अत्यंत शांतपणे म्हणाले, "ओएम, ज्यांचा कोणाचा मोबाइल वाजतोय त्यांनी एकदा उचलावा." मी उचलला नाही, रेडिओच बंद केला. तेव्हा विंडोजमध्ये मुख्य स्पीकर लॅपटॉपचाच ठेवा, सिस्टिम साउंड "नो साउंड्स", आणि कम्युनिकेशन्सच्या टॅबमध्ये "डू नथिंग", नाहीतर कॉल आला की विंडोज तुमचा आवाज आपोआप बारीक करतं. डेटा मोड वापरण्याचं एक कारण हेही आहे की त्यात पुढचा माइक बंद असतो, साध्या साइडबँडवर काही रेडिओंमध्ये स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी पण जाते.

लेव्हल, इथे घाई नको

या अख्ख्या उद्योगात शिस्त कुठे दिसते तर इथे. रेडिओची पॉवर आधी मेनूतून हवी तेवढी ठेवा, १०० वॅटच्या रेडिओला ३०-४० पुरे, कारण एफटी८ मध्ये साडेबारा सेकंद सलग पूर्ण पॉवर जाते, बोलण्यासारखी वरखाली होत नाही, फायनल ट्रान्झिस्टर तापतात. स्पीच प्रोसेसर बंद. मीटर एएलसीवर लावा, म्हणजे आवाज जास्त झाला की रेडिओ तो स्वतः किती दाबतोय ते दिसतं. सॉफ्टवेअरमध्ये "ट्यून" दाबा आणि उजवीकडचा पॉवरचा स्लायडर अगदी खालून सावकाश वर आणा. पॉवर वाढत जाईल, एएलसीचा काटा आधी हलणारच नाही, मग एका जागी नुकता थरथरेल. तिथे थांबा आणि केसभर मागे या.

स्लायडर पूर्ण वर आणि एएलसी डोक्यावर ठेवलं तरी वॅटमीटर तेवढेच वॅट दाखवतो, म्हणून लोकांना वाटतं चालतंय की. पण समोरच्याच्या धबधब्यावर तुमच्या एका रेघेच्या तीन रेघा दिसतात, ८०० हर्ट्झवर पाठवताय तर १६०० ला पण, २४०० ला पण, आणि तिथे ज्या दोघांचं चाललंय त्यांच्यावर तुम्ही बसता. यासाठीच "स्प्लिट"मध्ये "रिग" किंवा "फेक इट" निवडून ठेवा, मग सॉफ्टवेअर रेडिओची फ्रिक्वेन्सी थोडी हलवून आपला सूर १५०० ते २००० हर्ट्झमध्येच ठेवतं आणि त्याची दुप्पट फिल्टरच्या बाहेर पडते. बँड बदलला की लेव्हल परत बघायची, २० मीटरवर बसवलेली १० मीटरवर बसेलच असं नाही.

अँटेना लावल्यावर माउस गोठला तर

डमी लोडवर सगळं छान, अँटेना लावला आणि पाठवायला लागलं की माउस गोठतो, यूएसबी तुटल्याचा टँव-टँव आवाज येतो, कधी रेडिओ ट्रान्समिटमध्येच अडकतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हे भेटतंच, कारण अँटेना डोक्यावर वीस फुटांवर असतो. परीक्षा सोपी आहे, पॉवर ५ वॅटवर आणा. त्रास गेला तर सॉफ्टवेअरला हात लावू नका, ही अँटेनाची आरएफ (रेडिओ लहरींची ऊर्जा) यूएसबी केबलवरून चढतेय.

केबल आखूड करा, दीड मीटरच्या वर नको. तिला फेराइटच्या रिंगमधून पाच-सहा वेढे द्या, ३१ नंबरचं मटेरियल मिळालं तर उत्तम. नुसता क्लिप एकदा चिकटवला तर फारसा फरक पडत नाही, वेढे लागतात. आणि खरं औषध अँटेनापाशी: फीडपॉइंटला (केबल अँटेनाला मिळते तिथे) कोॲक्सचे, म्हणजे अँटेनाच्या केबलचे, वेढे घालून चोक करा. एंड-फेड वायर असेल तर चोकशिवाय चालवूच नका, ती कोॲक्सच्या बाहेरच्या जाळीलाच आपला दुसरा पाय समजते आणि ती जाळी येते थेट तुमच्या टेबलावर. माझ्याकडे ६० वॅटला माउस मरायचा, कोॲक्सला चोक आणि यूएसबीला सहा वेढे दिल्यावर आजपर्यंत मेला नाही.

विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड पण बंद करून ठेवा, दहा मिनिटांनी आपोआप पोर्ट झोपत असेल तर दोष त्याचा असतो.

पहिला कॉल

लगेच सीक्यू (कोणीही उत्तर द्या अशी हाक) मारू नका. धबधब्यावर रिकामी जागा बघून शिफ्ट दाबून क्लिक करा, तिथे तुमचा पाठवायचा सूर बसेल. मग जो कोणी सीक्यू देतोय आणि तुम्हाला बऱ्यापैकी ऐकू येतोय, समजा उणे ५ च्या वर, त्याच्या ओळीवर डबल क्लिक. पुढचं सगळं सॉफ्टवेअर करतं, तुमचा ग्रिड जातो, त्याचा रिपोर्ट येतो, तुमचा जातो, आरआर७३ (मिळालं, शुभेच्छा), ७३, दीड मिनिटात खेळ खलास. "होल्ड टीएक्स फ्रिक्वेन्सी" वर टिक ठेवा, नाहीतर त्याच्याच डोक्यावर जाऊन ओरडाल. दोन-चार हाकांत उत्तर नाही आलं तर पीएसके रिपोर्टर या साइटवर आपला कॉलसाइन टाकून नकाशा बघा. तिथे तुम्हाला कोणी ऐकल्याचे ठिपके दिसले तर तुमचं सगळं बरोबर आहे, समोरच्याकडे गर्दी आहे एवढंच. ठिपका एकही नसेल तर परत घड्याळ, मग पॉवर, मग अँटेना.

आणि लॉगमधली वेळ साडेपाच तास मागे दिसते म्हणून ती "दुरुस्त" करू नका, ती यूटीसी (जगाची एकच प्रमाणवेळ) आहे आणि तशीच हवी. पहाटे पाचला उठून युरोप लागलं तर लॉगमध्ये कालची तारीख पडेल, समोरच्याच्या लॉगमध्ये पण तीच असेल, आणि दोन्ही जुळल्या तरच लॉगबुक ऑफ द वर्ल्ड या साइटवर तो कॉन्टॅक्ट पक्का होतो.